गुलामगिरीचा जमाखर्च आणि राष्ट्रांची क्षमायाचना

२०१८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या अर्थखात्याने ट्विटरवर एक रंजक माहिती प्रसिद्ध केली. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी सरकारने काढलेले कर्ज इतके मोठे होते की ते फिटायला २०१५ साल उजाडले. तेव्हा आज हयात असलेल्या लक्षावधी करदात्यांनीही त्या सत्कार्याला हातभार लावला आहे, असा त्या मजकुराचा आशय होता. टीकेचा भडिमार होताच तो काढून टाकण्यात आला. लिहिणाऱ्याला देशबांधवांची पाठ थोपटायची असावी. परंतु ज्याच्या नोकरीचा बहुतेक काळ सरकारी जमाखर्चाच्या कागदांत गेला, अशा माझ्यासारख्याला त्या दोन ओळींत निराळेच काही दिसले. गतकाळातील गुलामगिरीबद्दल राष्ट्रांनी आज क्षमा मागावी की नाही, या जुन्या वादातला एक महत्त्वाचा पुरावा अर्थखात्याने आपण होऊन पुढे ठेवला होता.

आधी वस्तुस्थिती पाहू. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार १८०७ मध्येच बेकायदा ठरला होता. १८३३ चा कायदा झाला तो गुलामगिरीची प्रथाच मोडण्यासाठी, आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात येऊ लागला. कॅरिबियन बेटे, मॉरिशस, केप अशा वसाहतींतील सुमारे आठ लाख माणसे त्यामुळे कागदोपत्री मुक्त झाली. याच कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली. सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम होती. तीपैकी दीड कोटी पौंड १८३५ मध्ये नेथन रॉथशिल्ड आणि मोझेस माँटेफिओरे यांच्यामार्फत कर्जाऊ उभे करण्यात आले. पुढे हे कर्ज निरनिराळ्या सरकारी रोख्यांत मिसळत गेले, आणि ज्या रोख्यांत ते अखेर सामावले त्यांची परतफेड १ फेब्रुवारी २०१५ रोजी झाली.

ही भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना एक पैही मिळाली नाही. उलट शेतावरील गुलामांनी आणखी सहा वर्षे 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे आठवड्याचा बहुतेक वेळ विनावेतन राबावे, अशी तरतूद कायद्यात होती. ती १८३८ मध्ये मुदतीपूर्वी रद्द करावी लागली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी भरपाईचे हे सारे दावे एकत्र करून सर्वांना पाहता येतील असे ठेवले आहेत. त्यांत बडे मळेवाले आहेत, तसे पाद्री आहेत आणि दोन-चार गुलामांच्या उत्पन्नावर गुजराण करणाऱ्या विधवाही आहेत. अर्जदाराचे नाव, वसाहत, गुलामांची संख्या, मंजूर रक्कम, असा तो तक्ता पाहिला की मला भूसंपादनाच्या निवाड्यांची आठवण होते. फरक इतकाच की निवाड्यात ज्याची जमीन गेली त्याचे नाव असते. येथे ज्यांचे आयुष्य गेले त्यांची नुसती संख्या आहे.

म्हणजे ब्रिटिश राज्याने या प्रकरणी एक अधिकृत नोंद केली. नुकसान कोणाचे झाले, या प्रश्नाला त्या नोंदीचे उत्तर 'मालकाचे' असे आहे. ती नोंद आजवर दुरुस्त झालेली नाही. राष्ट्रांच्या क्षमायाचनेकडे मी याच दृष्टीने पाहतो. ती भावनेची बाब आहेच, पण त्याआधी ती चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीची बाब आहे.

यावर पहिला आक्षेप सर्वांच्या ओठांवर असतो. ज्यांनी केले ते गेले, ज्यांनी सोसले तेही गेले. मग कोणी कोणाची क्षमा मागायची? माझे एक ज्येष्ठ सहकारी जेवणाच्या सुट्टीत हा मुद्दा मोठ्या ठसक्यात मांडत: "बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे ठीक, बापाचे पाप मुलाच्या माथी का?" आपल्या वाल्या कोळ्याच्या कथेतही बायकामुलांनी पापाचा वाटा घ्यायला नकार दिला आणि आपण तो नकार रास्त मानत आलो. पाप ज्याचे त्याने भोगायचे, हे मलाही मान्य आहे. मात्र त्या घरच्या मंडळींनी घरात आलेली लूट परत केल्याचे कथेत कोठे आलेले नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

आज लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या माथी कोणतेही पाप नाही. क्षमा त्याने मागायची नसून राज्याने मागायची आहे, आणि राज्य ही कायद्याच्या दृष्टीने अखंड चालणारी व्यक्ती आहे. मंत्री बदलतात, सचिव निवृत्त होतात, फाइल पुढे चालू राहते. चौथ्या विल्यमच्या काळात काढलेले कर्ज दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात फेडताना 'ते आम्ही काढले नव्हते' असे कोणी म्हटले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचे करही याच तिजोरीत जात होते. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना विकले गेले, त्यांच्या वंशजांनी विकणाऱ्यांच्या भरपाईचे कर्ज फेडायला हातभार लावला. त्यांना 'ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, ती विसरा' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या स्टर्लिंग शिलकेवर स्वतंत्र भारताने हक्क सांगितला, आणि त्याचबरोबर निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनचे दायित्वही पत्करले. संविधानाच्या अनुच्छेद २९४ ने जुन्या सरकारची मालमत्ता आणि देणी दोन्ही प्रजासत्ताकाकडे आली. ज्या साहेबांनी आपल्यावर राज्य केले त्यांचे निवृत्तिवेतन आपण बुडवले नाही, कारण राज्याचा शब्द राज्य पाळते. घर घ्यायचे आणि त्यावरचे गहाण नाकारायचे, असा वारसा कोठेही मिळत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. त्या काळी ते कायदेशीर होते, आजची नीती कालच्या माणसांना लावू नये, असे म्हणतात. पण 'त्या काळची नीती' ठरवताना मत कोणाकोणाचे घ्यायचे? १७८३ मध्ये क्वेकरपंथीयांनी ब्रिटिश संसदेकडे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अर्ज केला होता. १७९१ मध्ये आजच्या हैतीतील गुलामांनी उठाव केला. १८३१ च्या नाताळात जमैकामध्ये सॅम्युएल शार्प याच्या नेतृत्वाखाली हजारो गुलाम उठले आणि त्यापायी शार्प फासावर गेला. ही माणसेही त्याच काळातली होती. अन्याय होतो आहे हे त्या काळाला ठाऊक होते. फक्त ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हाती राजमुद्रा नव्हती.

तिसरा आक्षेप असा की आफ्रिकेतील राजांनीच माणसे विकली, अरबांनीही हा व्यापार केला, आणि ब्रिटनने तर पुढे आरमार पाठवून गुलामांची जहाजे पकडली. यातले प्रत्येक विधान खरे आहे. बेनिनचे अध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी १९९९ मध्ये आफ्रिकी लोकांच्या सहभागाबद्दल क्षमाही मागितली. पण सहऋणकोंची संख्या वाढल्याने कोणा एकाचे देणे नाहीसे होत नाही. सरकारी हिशेबाचा एक मूलभूत नियम आहे: जमा आणि खर्च दोन्ही पूर्ण दाखवायचे, एकातून दुसरे वजा करून उरलेली शिल्लक तेवढी दाखवायची नाही. आरमाराचे श्रेय जमेच्या रकान्यात अवश्य लिहावे. त्याने समोरच्या रकान्यातली नोंद खोडली जात नाही.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण निर्णय त्यावरच ठरतो. तो आहे पैशाचा. क्षमा मागितली की दावे दाखल होतील, अशी विधी सल्लागारांना धास्ती असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला मान्य करायलाच हवे की या नुकसानीचा आकडा कोणालाही नेमका काढता येणार नाही. मूळ रक्कम काय धरायची हा एक प्रश्न, आणि दोनशे वर्षांचे चक्रवाढ व्याज कोणत्या दराने लावायचे हा दुसरा. दर एका टक्क्याने बदलला तरी उत्तर कैक पटींनी बदलते. परंतु आकडा ठरत नाही म्हणून नोंदच करायची नाही, हे आमच्या शास्त्रात बसत नाही. रक्कम अनिश्चित असली तरी संभाव्य दायित्व जाहीर करावे लागते. किती द्यायचे, कसे द्यायचे, याची चर्चा त्यानंतर.

या धास्तीमुळे शब्दांची जी कसरत चालते, ती पाहण्यासारखी असते. मराठीत आपल्याकडे खेद, दिलगिरी, माफी आणि क्षमा असे चढते शब्द आहेत. खेद कोणालाही, कशाबद्दलही होऊ शकतो. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना रेल्वे स्थानकावर 'असुविधा के लिए हमें खेद है' ऐकायची सवयच झाली आहे. गाडी कोणामुळे रखडली हे त्या वाक्यात कधी नसते. क्षमा मागताना मात्र कर्ता सांगावा लागतो. टोनी ब्लेअर यांनी २००६ मध्ये गुलामांच्या व्यापाराबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले आणि २००७ मध्ये पत्रकारांसमोर तोंडी 'सॉरी'ही म्हटले, पण राज्याच्या वतीने औपचारिक क्षमायाचना झाली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सामोआ येथे राष्ट्रकुलाची बैठक भरली, तेव्हाही ब्रिटिश सरकारची भूमिका मागे न पाहता पुढे पाहावे अशीच होती. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये आणि सिनेटने २००९ मध्ये क्षमायाचनेचे ठराव केले. मात्र या ठरावाच्या आधारे सरकारवर कोणताही दावा करता येणार नाही, असे सिनेटने त्यातच लिहून ठेवले.

नेदरलँड्सचे उदाहरण त्या मानाने अधिक सरळ आहे. तेथेही १८६३ मध्ये सुरिनाममधील मालकांना दर गुलामामागे ३०० गिल्डर मिळाले आणि मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करावे लागले. १९ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांनी डच राज्याच्या वतीने क्षमा मागितली, आणि १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही मागितली. रुटे यांनी आशियाचाही उल्लेख केला: डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकारक्षेत्रात सहा लाख साठ हजारांपासून दहा लाखांहून अधिक माणसांची खरेदी-विक्री झाली, असे त्यांनी सांगितले. यांत आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून, मलबारातून आणि बंगालमधून नेलेली माणसेही होती. जनजागृतीसाठी २० कोटी युरोंचा निधी जाहीर झाला. संबंधितांशी पुरेशी चर्चा न करता दिवस ठरवला, अशी टीका सुरिनाममध्ये झाली आणि ती योग्यच होती. तरीही कोणी केले, कोणावर केले आणि कोण जबाबदार, हे तिन्ही रकाने तेथे भरले गेले.

या प्रश्नाशी भारताचा संबंध याहूनही जवळचा आहे. डेमेराराचे मळेवाले जॉन ग्लॅडस्टन, म्हणजे पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. त्यांना अडीच हजारांवर गुलामांपोटी एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. गुलाम सुटणार हे दिसू लागताच त्यांनी १८३६ मध्ये कोलकात्याच्या एका पेढीला पत्र लिहून भारतीय मजुरांची चौकशी केली. ५ मे १८३८ रोजी 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' या जहाजांतून ३९६ भारतीय ब्रिटिश गयानात उतरले. गिरमिटाची ही पद्धत मॉरिशसमध्ये १८३४ पासूनच सुरू झाली होती. आपल्या कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे आजही गणेशचतुर्थी साजरी करतात. १९१७ मध्ये भरती थांबेपर्यंत बारा लाखांहून अधिक भारतीय असे बाहेर गेले. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. त्याला मुदत होती आणि मजुरीही होती. पण एकाची रिकामी जागा भरण्यासाठीच दुसऱ्याला नेले गेले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला, तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. २०२३ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी गयानात जाऊन गुलामगिरीबद्दल आणि गिरमिटाबद्दलही क्षमा मागितली. कायद्याने कसलेच बंधन नसलेल्या एका कुटुंबाने जे केले, ते कायद्याने अखंड असलेल्या राज्याला अवघड का वाटावे?

मात्र दुसऱ्याची वही तपासणाऱ्याने आपलीही उघडी ठेवली पाहिजे. १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. येथे १८४३ चा पाचवा कायदा झाला, त्याने गुलामावरील मालकी हक्काची न्यायालयीन मान्यता काढून घेतली एवढेच. शेताबरोबर विकल्या जाणाऱ्या दलित जाती मालकाच्या बांधावरच राहिल्या. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, तो या दोन गोष्टींचे नाते ओळखूनच. २००१ च्या डर्बन परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका आपल्या सरकारने घेतली. शास्त्रार्थ म्हणून ती टिकेलही. फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यात नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले.

त्या कायद्याखालील पुनर्वसन निधीच्या विनियोगाची पाहणी करण्यासाठी २००२ च्या सुमारास मी उत्तरेतील एका जिल्ह्यात गेलो होतो. २००० सालापासून दर मजुरामागे मदतीची रक्कम वीस हजार रुपये झाली होती आणि माझे काम ती पोहोचली का हे पाहण्याचे होते. एका वीटभट्टीवरून सोडवलेल्या काही कुटुंबांना उपविभागीय दंडाधिकारी मुक्ततेची प्रमाणपत्रे देत होते. उचल, तिकडच्या भाषेत पेशगी, कायद्याने संपुष्टात आली आहे, हे वाक्य एका वयस्क मजुराने दोनदा वाचून घेतले. मग त्याने विचारले, "साहब, सेठ की बही में भी?" रकमेबद्दल त्याने काही विचारले नाही. आपल्या नावापुढे इतकी वर्षे जे खोटे लिहिलेले होते, ते लिहिणाऱ्याच्या वहीतूनही खोडले जाणार का, एवढेच त्याला हवे होते. कायदा त्या वहीला मानत नाही, असे अधिकाऱ्यांनी त्याला समजावले. त्याचे पुरते समाधान झाले असे मला वाटले नाही, आणि विचार करता त्याचेच बरोबर होते. देणे माफ होणे वेगळे, आणि ते देणे कधीच नव्हते असे मान्य होणे वेगळे.

गुलामांचे वंशज जेव्हा क्षमायाचनेची मागणी करतात, तेव्हा ते हेच मागत असतात असे मला वाटते. कॅरिबियन राष्ट्रांच्या संघटनेने २०१४ मध्ये दहा कलमी मागणी मांडली, तिचे पहिले कलम पैशाचे नाही, पूर्ण आणि औपचारिक क्षमायाचनेचे आहे. शाळा, रुग्णालये, कर्जमाफी ही सारी त्यानंतर येतात.

म्हणून राष्ट्रांनी क्षमा मागावी, असे माझे वैयक्तिक मत आहे. ती राज्यप्रमुखाने वा सरकारने राज्याच्या नावाने मागावी. काय केले ते खेदाच्या आडून न बोलता स्पष्ट सांगावे. सर्व दफ्तरे खुली करावीत. आणि दायित्व किती याची चर्चा सुरू करण्याची तयारी त्याच दिवशी दाखवावी. हे काम वंशाभिमानी भाषणांचे नाही, तसेच स्वतःला कोडे मारून घेण्याचेही नाही. आपल्या संविधानाने अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २३ अन्वये वेठबिगारीला मनाई केली, हे फार मोठे काम झाले. पण ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली त्यांना उद्देशून क्षमेचा एक शब्द आपल्या संसदेनेही कधी उच्चारावा, असे मला मनापासून वाटते. ब्रिटनकडे मागताना आपला स्वर त्यामुळे खाली येणार नाही. उलट, मागणीला वजन येईल.